नोकार्डिया फुप्फुसशोथ

नोकार्डिया वंशातील सूक्ष्मजंतूंमुळे फुप्फुसाला होणारा विरळ संसर्ग. एदमाँ नोकार या फ्रेंच पशुवैद्यांनी १८८८ मध्ये ग्वादलूप बेटावरील गुरांच्या एका रोगात हा सूक्ष्मजंतू प्रथम शोधला व पुढील वर्षी वंशाला त्यांचे नाव मिळाले. त्याचे तंतू शाखायुक्त असल्याने पूर्वी त्याची गणना कवकांत होत असे.

हे सूक्ष्मजंतू मातीत व कुजणाऱ्या वनस्पतींत राहतात आणि धुळीबरोबर श्वासमार्गात शिरतात. निरोगी माणसास त्यांपासून सहसा अपाय होत नाही. मात्र जुनाट श्वासनलिकाशोथ किंवा वातस्फीती असलेल्या रुग्णाच्या श्वासमार्गातील पक्ष्माभिका (केसांसारखी सूक्ष्म हालती अंगे) निकामी झालेल्या असतात. त्यातच दम कमी करण्यासाठी कॉर्टिकोस्टेरॉइड औषधे दीर्घकाळ घेतली असल्यास प्रतिकारशक्तीही मंदावते. हा रोग माणसाकडून माणसाकडे पसरत नाही.

ताप, बेडकायुक्त खोकला, वजन घटणे व क्वचित बेडक्यातून रक्त पडणे ही लक्षणे आठवडेच्या आठवडे हळूहळू वाढतात. ती जुन्याच दम्याची समजून स्टेरॉइडाची मात्रा वाढविली, तर संसर्ग अधिकच फोफावतो. क्ष-किरण चित्रात गाठी व पोकळ्या दिसत असल्यामुळे भारतासारख्या देशात क्षयरोगाचा समज होणे स्वाभाविक असते. क्षयरोगावरील नेहमीच्या औषधांनी हा संसर्ग बरा होत नाही आणि मधला काळ वाया जातो. या काळात सूक्ष्मजंतू रक्तावाटे मेंदूत जाऊन तेथे विद्रधी (गळू) निर्माण करू शकतात.

निदान बेडका किंवा श्वासनलिकेतील द्रव तपासून होते. क्षयाचे जंतू तीव्र अम्लानेही रंग सोडत नाहीत. नोकार्डिया केवळ १% सल्फ्युरिक अम्लासारख्या सौम्य अम्लापुढे तो टिकवून धरतो. संवर्धनात त्याची वाढ मंद असते व कधीकधी दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून संशय असल्यास प्रयोगशाळेस तसे आधीच कळवावे लागते, अन्यथा संवर्धनपात्रे मुदतीपूर्वीच टाकून दिली जातात.

सल्फा औषधे, विशेषतः ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल, हा उपचाराचा मुख्य आधार आहे. रोग तीव्र असल्यास ॲमिकासिन, इमिपेनेम किंवा लिनेझोलिड यांची जोड देतात. बरे वाटू लागले, तरी उपचार सामान्यतः सहा ते बारा महिने चालू ठेवतात. ते लवकर थांबविल्यास रोग उलटतो.