हिंसेचा कर्ता कोण?

शहरातल्या हिंसेची मराठी कविता म्हटली की आपण मुंबईकडे बघतो. भंडाऱ्यात बसून ती वाचताना मात्र २९ सप्टेंबर २००६ ही तारीख आड येते. त्या दिवशी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना जमावाने ठार मारलं. नोव्हेंबरमध्ये त्याचा संताप नागपूर, भंडारा, अमरावतीच्या रस्त्यांवर उतरला. गावची हिंसा आणि शहरची हिंसा अशी दोन खाती आपल्याकडे उरलीच नाहीत. मग मुंबईच्या कवितेची भाषा आपल्याला पुरेल का?

नारायण सुर्व्यांच्या ‘माझे विद्यापीठ’मध्ये (१९६६) नालबंद याकूब दंगलीत मरतो. सुर्वे रक्त दाखवत नाहीत, मरण थोडक्यात सांगून पुढे जातात. त्याआधी याकूबचा धंदा आणि त्याचा जिव्हाळा आपल्या ओळखीचा झालेला असतो, म्हणून ते थोडकेपण जिव्हारी लागतं. मारणारा कोण, हे कळत नाही. दंगलीत शहर त्याला गर्दीत लपवून टाकतं.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२चा. शीर्षकच मुंबईच्या कामाठीपुऱ्यातल्या वस्तीचं नाव. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिण्याआधी ढसाळांकडून कितीतरी शब्दांचे अर्थ विचारून घेतले होते. पांढरपेशा मराठीला ते ठाऊकच नव्हते. या संग्रहातल्या शिव्या आणि गटारं यांच्याबद्दल भरपूर लिहून झालंय. मला ‘माणसाने’ या कवितेचं व्याकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. माणसाने अमुक करावे, तमुक करावे, अशी ती चालते. ‘करावे, वागावे’ हा आपल्याकडे उपदेशाचा सूर. रामदासांपासून शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारापर्यंत तोच. त्याच सुरात ढसाळ जाळपोळ, खून, विध्वंस सांगत जातात. सभ्य क्रियापद आणि असभ्य कृत्य एका ओळीत आली की वाचणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. शेवटाकडे तेच क्रियापद माणसाला माणसाचं गाणं गायला सांगतं. तोवर त्या ‘-ावे’वरचा आपला विश्वास उडालेला असतो, आणि तरी आपण ते ऐकतो. प्रतिमा कितीही भडक असल्या तरी कवितेला पेलून धरतं ते हे व्याकरण.

खैरलांजीवर लिहिताना गटार, चाकू, बोळ या प्रतिमा उसन्या आणल्या की कविता खोटी पडते, असं माझं ठाम मत आहे. तिथे धानाची बांधी होती, शेताचा धुरा होता, शेतातून जाणाऱ्या वाटेचा वाद होता, प्रेतं टाकली तो कालवा होता. दिवस धान निसवण्याचे. आणि सर्वांत मोठा फरक असा की मारणारे अनोळखी नव्हते. रोवणीला शेजारच्या बांधीत वाकणारी, आडनावानिशी ठाऊक असलेली माणसं ती. मुंबईच्या कवितेत हिंसेचा कर्ता अदृश्य असतो. इथे तो समोर उभा आहे, आणि ‘मारले गेले’ असं लिहिणं म्हणजे त्याला वाक्यातून पळून जाऊ देणं.

न्यायालयातही भाषेचाच प्रश्न उभा राहिला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी सुनावली, पण अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद दिली. तो कायदा तेव्हाही लागू झाला नाही. निकालाच्या भाषेत खून राहिला, जात गळाली. ती जागा कवितेने भरायची, तर ‘जातीयतेचा राक्षस’ असले शब्द कुचकामी आहेत. राक्षसाला आडनाव नसतं.

शब्दांची वाण मात्र नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आपल्या भागातल्या झाडीबोलीसाठी आयुष्य वेचलं, तिचे शब्द गोळा केले. ढसाळांनी कामाठीपुऱ्याची बोली जशी बेमुर्वतपणे कवितेत आणली, तशी आपल्या नव्या कवींनी झाडीबोली दंडार या लोकनाट्यातल्या विनोदापुरती न ठेवता तिच्यात या हत्याकांडाबद्दल बोलावं. त्या कवितेत धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याचं नाव कर्त्याच्या जागी हवं.