जुना संगणक आणि जुन्या आज्ञावल्या

शिवणयंत्र तीस-चाळीस वर्षे वापरले, तरी त्याचे कोणाला नवल वाटत नाही. संगणक मात्र दहा वर्षांतच जुना ठरतो आणि पंधरा वर्षांत टाकाऊ समजला जातो. तरीही अनेक लहान छापखान्यांत, ग्रंथालयांत आणि कार्यालयांत असे संगणक आजही जपून ठेवलेले आढळतात. त्यामागे काटकसर असतेच. परंतु पुष्कळदा खरे कारण वेगळे असते. त्या संगणकावर होणारे काम नव्या संगणकावर होत नाही.

मराठी छपाईच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. १९९० च्या दशकात अनेक लहान छापखान्यांनी खिळ्यांची जुळणी सोडून संगणकावरील अक्षरजुळणी स्वीकारली. स्मरणिका, संस्थांचे अहवाल, कुलवृत्तान्त, गावांचे इतिहास असा कितीतरी मजकूर तेव्हापासून संगणकात साठत गेला. तो ज्या आज्ञावल्यांच्या साहाय्याने तयार झाला, त्या जुन्या संगणकांसाठीच बनवलेल्या होत्या. म्हणूनच जुना संगणक चालता कसा ठेवावा आणि त्यावर कोणती आज्ञावली कशी बसवावी, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

यंत्र, कार्यप्रणाली आणि आज्ञावली

संगणकाच्या कामात तीन थर असतात. पहिला थर प्रत्यक्ष यंत्राचा. त्यात पडदा, कळफलक, स्मृती आणि माहिती साठवणारी तबकडी यांचा समावेश होतो. तिसरा थर आज्ञावलीचा, म्हणजेच सॉफ्टवेअरचा. पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, पाने जुळवणे ही कामे आज्ञावली करते. या दोहोंच्या मध्ये कार्यप्रणाली असते. तिलाच ऑपरेटिंग सिस्टिम असे म्हणतात. एमएस-डॉस, विंडोज ९८, विंडोज एक्सपी ही कार्यप्रणालींची परिचित नावे आहेत.

सरकारी कचेरीचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. अर्जदार स्वतः दफ्तरखान्यात जाऊन कागद काढीत नाही. तो ठरावीक नमुन्यातील अर्ज खिडकीशी देतो आणि कारकून त्याचे काम करून देतो. आज्ञावली ही अशी अर्जदार आहे आणि कार्यप्रणाली ही कारकुनाच्या जागी आहे. ‘ही फाईल उघड’, ‘हे अक्षर पडद्यावर दाखव’, ‘हे पान छाप’ अशा विनंत्या आज्ञावली करते. त्या विनंत्यांचा नमुना कार्यप्रणालीला ठाऊक असेल, तरच काम होते.

न जुळण्याची कारणे

कार्यप्रणाली बदलत गेल्या, तसे विनंत्यांचे नमुनेही बदलले. एमएस-डॉस १९८१ साली आली. विंडोज ९५ ऑगस्ट १९९५ मध्ये, विंडोज ९८ त्यानंतर तीन वर्षांनी आणि विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. प्रत्येक नव्या प्रणालीने काही नव्या सोयी दिल्या. या सोयी गृहीत धरून लिहिलेली आज्ञावली जुन्या प्रणालीवर बसवू गेल्यास ‘अमुक फाईल सापडत नाही’ किंवा ‘ही आज्ञावली येथे चालणार नाही’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते. नव्या नमुन्यातील अर्ज जुन्या कारकुनाला कळू नये, तसाच हा प्रकार होय. यात यंत्र बिघडलेले नसते आणि वापरणाऱ्याची चूकही नसते.

दुसरे कारण ‘बिट’ या मापाचे आहे. संगणक एका वेळी किती मोठी संख्या हाताळतो, हे बिटांवरून कळते. डॉस आणि आरंभीच्या विंडोजवरील आज्ञावल्या १६ बिटांच्या होत्या. विंडोज ९५ पासून ३२ बिटांच्या आज्ञावल्या रूढ झाल्या आणि आजचे संगणक ६४ बिटांचे आहेत. ६४ बिटांसाठी लिहिलेली आज्ञावली ३२ बिटांच्या प्रणालीवर चालत नाही. उलट दिशेनेही अडचण आहे. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांच्या जुन्या आज्ञावल्या चालत नाहीत. त्यामुळे त्यांच्यासाठी जुना संगणक सांभाळणे अनेकांना भाग पडते.

आज्ञावली बसवण्यापूर्वी

जुन्या संगणकावर आज्ञावली बसवण्यापूर्वी त्या संगणकाची नीट ओळख करून घ्यावी. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ‘माय कॉम्प्युटर’ या चित्रावर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ हा पर्याय निवडला, की कार्यप्रणालीचे नाव, तिची आवृत्ती आणि स्मृतीचे प्रमाण दिसते. ही माहिती एका वहीत लिहून ठेवावी.

त्यानंतर त्या संगणकाला जुळणारी आवृत्ती निवडावी. नवीनतम आवृत्तीच सर्वांत चांगली, हा समज येथे उपयोगी पडत नाही. उदाहरणार्थ, ऑफिस २००३ हा संच विंडोज ९८ वर बसत नाही. त्याला किमान विंडोज २००० लागते. लिबरऑफिस हा मोफत मिळणारा संच विंडोज एक्सपीवर वापरायचा असल्यास ५.४ ही आवृत्ती घ्यावी लागते, कारण पुढील ६.० या आवृत्तीपासून एक्सपीचा आधार काढून टाकण्यात आला. आज्ञावलीच्या खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत तिच्या किमान गरजा छापलेल्या असतात. त्या वाचण्यास पाच मिनिटे लागतात आणि पुढचा बराच त्रास वाचतो.

तिसरी गोष्ट म्हणजे, संगणकातील महत्त्वाच्या सर्व फाईलींची प्रत आधी दुसरीकडे काढून घ्यावी. जुनी तबकडी केव्हा बंद पडेल, याचा नेम नसतो. विंडोज ९८ ला पेनड्राइव्ह ओळखण्यासाठी बहुधा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो. संगणकात सीडी लिहिण्याची सोय असल्यास तिचाही उपयोग होतो. फ्लॉपीवर केवळ १.४४ मेगाबाइट मजकूर मावतो. परंतु साध्या लेखी मजकुराला तेवढी जागाही पुष्कळ असते.

संगणक सुरू करताना दर वेळी तारीख अनेक वर्षे मागे गेलेली दिसत असेल, तर आतील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली आहे असे समजावे. ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळू शकते. ती बदलली नाही, तर फाईलींवर चुकीच्या तारखा पडतात आणि अलीकडची प्रत कोणती, हे ओळखणे कठीण होते.

जुन्याहून जुन्या आज्ञावल्या

काही वेळा आज्ञावली ही कार्यप्रणालीपेक्षाही जुनी असते. विंडोज ९५ साठी बनवलेली आज्ञावली एक्सपीवर चालवायची असेल, तर एक्सपीमध्येच एक सोय आहे. आज्ञावलीच्या चित्रावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि त्यातील ‘कंपॅटिबिलिटी’ हा भाग निवडावा. तेथे विंडोज ९५, विंडोज ९८ अशी नावे दिलेली असतात. योग्य नाव निवडले, की कार्यप्रणाली त्या आज्ञावलीपुरती जुन्या प्रणालीसारखी वागू लागते. रंगांची संख्या २५६ पर्यंत आणि पडद्याचा आकार ६४० × ४८० पर्यंत कमी करण्याची सोयही तेथेच असते.

डॉसवरील आज्ञावल्यांसाठी २००२ पासून ‘डॉसबॉक्स’ ही मोफत आज्ञावली उपलब्ध आहे. ती संगणकाच्या आत जणू एक लहानसा जुना संगणक उभा करते. याच तत्त्वाचे अधिक व्यापक रूप म्हणजे आभासी संगणक. नव्या संगणकाच्या आत संपूर्ण जुनी कार्यप्रणाली बसवता येते आणि तिच्यात जुनी आज्ञावली चालवता येते. जुने यंत्र मोडकळीस आले असेल, तर हा मार्ग अवश्य विचारात घ्यावा.

अक्षरजुळणीच्या काही जुन्या आज्ञावल्यांबरोबर मात्र एक छोटे कुलूप येत असे. प्रिंटर जोडण्याच्या जागी ते संगणकाच्या मागे बसवले, तरच आज्ञावली चालत असे. नकली प्रतींना आळा घालण्यासाठी ही योजना होती. आजच्या बहुतेक संगणकांना ते बसवण्याची जागाच नसते. त्यामुळे असे कुलूप मूळ तबकडी व परवान्याच्या कागदासह जपून ठेवावे. कुलूप हरवले म्हणून नकली प्रत मिळवणे हा त्यावरील उपाय नव्हे. तसे करणे कायद्याला धरून नाही आणि नकली प्रतींबरोबर व्हायरस येण्याचा धोकाही असतो.

मराठी अक्षरांचा प्रश्न

आज्ञावली सुरू झाली म्हणजे सर्व अडचणी संपल्या, असे मराठीच्या बाबतीत म्हणता येत नाही. संगणक अक्षरे ओळखत नाही; तो केवळ क्रमांक ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही क्रमांकांची प्रमाण पद्धत १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने प्रसिद्ध केली होती. परंतु छपाईच्या व्यवहारात श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा वेगवेगळ्या आज्ञावल्या आणि त्यांचे वेगवेगळे फॉन्ट रूढ झाले. या फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले होते आणि प्रत्येकाची मांडणी निराळी होती. म्हणूनच एका फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो.

या अडचणीवर ‘युनिकोड’ हा उपाय आहे. जगातील लिप्यांमधील प्रत्येक अक्षराला एकच कायम क्रमांक देणारी ही पद्धत १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि देवनागरीचा समावेश तिच्यात प्रारंभापासून आहे. जुन्या संगणकांवर मात्र ती आपोआप मिळत नाही. एक्सपीमध्ये कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ येथे जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीचा पर्याय निवडावा लागतो आणि त्या वेळी बहुधा एक्सपीची मूळ सीडी लागते. काही आज्ञावल्यांना तर युनिकोड मुळीच समजत नाही. पृष्ठरचनेसाठी आपल्याकडे खूप वापरली गेलेली पेजमेकर ही त्यांपैकीच एक. तिची ७.० ही शेवटची मुख्य आवृत्ती २००१ साली निघाली. पेजमेकरमधील मराठी पाने म्हणूनच जुन्या फॉन्टशी बांधलेली राहिली.

सुरक्षिततेचा विचार

कार्यप्रणाली बनवणारी संस्था ठरावीक काळापर्यंत तिच्यातील दोष दुरुस्त करून देते. विंडोज ९८ ची ही मुदत जुलै २००६ मध्ये आणि एक्सपीची ८ एप्रिल २०१४ रोजी संपली. त्यानंतर सापडलेले दोष सहसा तसेच राहतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक आज्ञावलीने अनेक देशांतील संगणकांतील फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्या वेळी मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. परंतु अपवादावर विसंबून राहता येत नाही.

यावरून एक साधा नियम निघतो. जुना संगणक इंटरनेटला जोडू नये. बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार आणि माहितीचा शोध ही कामे दुसऱ्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर करावीत. जुन्या संगणकाला त्याच्या ठरावीक कामापुरते ठेवावे आणि बाहेरून आणलेला पेनड्राइव्ह आधी नव्या संगणकावर तपासून घ्यावा.

मजकूर बाहेर काढणे

एवढी काळजी घेतल्यावर जुना संगणक आणखी काही वर्षे निश्चितच काम देईल. परंतु त्याला चालते ठेवणे हे अंतिम उद्दिष्ट नाही. यंत्र एक दिवस बंद पडणारच आहे. ते चालू आहे तोवर त्यातील मजकूर बाहेर काढणे, हे खरे काम होय.

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तक आज्ञावल्या उपलब्ध आहेत. जुन्या आज्ञावलीतून मजकूर साध्या स्वरूपात साठवून घ्यावा आणि त्या फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकाने तो बदलून घ्यावा. मूळ पानाचे रूप टिकावे म्हणून त्याची पीडीएफ किंवा छापील प्रतही ठेवावी. मात्र बदललेला मजकूर वाचून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकित होत असे. युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलट असतो. परिवर्तकाने हा फरक जाणला नाही, तर ‘अर्थ’ या शब्दाचे ‘अथर्’ होते. असा दोष डोळ्यांना लगेच खटकतो. परंतु ‘आचाऱ्यांना’ या शब्दाचे ‘आचार्यांना’ झाले, तर शब्द शुद्धच दिसतो. केवळ स्वयंपाक्यांच्या जागी गुरुजन येऊन बसतात. असा दोष यंत्राला सापडत नाही. तो शोधण्यासाठी मराठी जाणणारा आणि मन लावून वाचणारा माणूसच लागतो.

काळ पुढे जात राहील. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आजचा नवा संगणकही उद्या असाच कोपऱ्यात जाईल. आज्ञावल्या येतील आणि जातील. परंतु एखाद्या गावाचा इतिहास किंवा एखाद्या घराण्याचा वृत्तान्त पुन्हा लिहून काढणे सहसा शक्य नसते, कारण तो सांगणारी माणसे राहिलेली नसतात. म्हणून जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यात काय आहे, हे एकदा पाहावे. ज्याला ते पाहता येते आणि तेथील मजकूर शुद्ध रूपात नव्या संगणकावर आणता येतो, त्याच्या हाती एक उपयुक्त कौशल्य आहे. त्यातून रोजगार मिळू शकतो आणि भाषेची एक ठेवही सुरक्षित राहते.