आगबोटीची वेळ आणि प्रवाशाची वेळ

रायपूरच्या माणसाला आगगाडीची वेळ चांगली ठाऊक असते. हावड्याकडून येणारी मेल केव्हा येते, फलाटावर किती वेळ थांबते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. गाडी सुटायला पाच मिनिटे उरली असताना स्थानकात शिरणारा आणि तरीही आपल्या डब्यात जाऊन बसणारा एखादा गृहस्थ प्रत्येक कुटुंबात सापडतोच. आगबोटीच्या बाबतीत मात्र हाच गृहस्थ फसतो. तिकिटावर सायंकाळी पाचची वेळ पाहून तो साडेचारला धक्क्यावर पोहोचतो. आगबोट समोर उभी असते, तिच्या कठड्याशी माणसे उभी दिसतात, पण त्याच्यासाठी दरवाजा बंद झालेला असतो. याचे कारण सोपे आहे. आगगाडीच्या तिकिटावरची वेळ बव्हंशी प्रवाशाचीही वेळ असते. आगबोटीच्या तिकिटावरची वेळ केवळ आगबोटीची असते. प्रवाशाची वेळ तिच्या बरीच आधी संपलेली असते.

हा भेद छत्तीसगडातल्या माणसाने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखात मराठी कुटुंबे येऊन राहिली. रायपुरात तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत आणि पुढे नव्या वसाहतींत ती रुजली. पण त्यांच्या नित्याच्या जीवनात समुद्र कोठेच नव्हता. आता मात्र समुद्रावरची सहल, जिला क्रूझ म्हणतात, ती मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आटोक्यात आली आहे. सेवानिवृत्तीनंतर दांपत्य निघते, लग्नाच्या वाढदिवसासाठी मुले आईवडिलांना पाठवितात. अशी सहल बहुधा आयुष्यात एकदाच घडते. एका तासाच्या चुकीने ती हातची गेली, तर पैशाहून अधिक हळहळ राहते.

एके काळी प्रवाशाच्या वतीने ही काळजी रेल्वे वाहत असे. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ मध्ये झाली आणि त्याचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचे नाव ज्या धक्क्याला मिळाले, त्या बॅलार्ड पिअरवर विलायतेच्या टपालबोटी लागत. धक्क्यालगतच बॅलार्ड पिअर मोल नावाचे रेल्वेस्थानक होते. पंजाब लिमिटेड ही गाडी तेथून टपालाच्या ठरलेल्या दिवशी पेशावरकडे निघे. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेलही बोटींच्या हंगामात तेथूनच सुटत असे. गाडीचे वेळापत्रक बोटीच्या वेळापत्रकाला जोडलेले होते. बोटीचा प्रवासी आणि गाडीचा प्रवासी एकच आहे, हे उभय बाजूंना ठाऊक होते.

ती व्यवस्था आता इतिहासात जमा झाली आहे. आजची आगगाडी आगबोटीला ओळखत नाही आणि आगबोट आगगाडीची वाट पाहत नाही. विमानाचेही तसेच आहे. दोहोंच्या मध्ये जे अंतर उरते, ते भरून काढण्याची जबाबदारी सर्वस्वी प्रवाशावर येऊन पडली आहे. म्हणून बंदरावर केव्हा पोहोचावे हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटला, तरी सगळी सहल त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

उत्तर शोधण्यापूर्वी आगबोटीचा दिवस कसा जातो ते पाहिले पाहिजे. सहलीची आगबोट साधारणतः सकाळी धक्क्याला लागते. आधीच्या फेरीचे शेकडो, कधी हजारो प्रवासी प्रथम उतरतात. त्यांचे सामान उतरते. मग खोल्या झाडून-पुसून नव्याने मांडल्या जातात, अन्नधान्य, भाजीपाला आणि पाणी भरले जाते. एवढे सगळे उरकेपर्यंत दुपार होते. त्यामुळे सकाळी सात वाजताच धक्क्यावर जाऊन बसणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. आत घेतले तरी खोली तयार नसते, आणि बाहेर बसावे तर उतरणाऱ्यांची गर्दी व मोटारींची दाटी सोसावी लागते.

ही दाटी टाळण्यासाठीच कंपन्या प्रत्येक प्रवाशाला हजर होण्याचा एक ठरावीक कालावधी नेमून देतात. घरबसल्या वेब चेक-इन करताना तो निवडता येतो किंवा मिळालेल्या पत्रावर छापलेला असतो. तो केवळ सोयीचा भाग समजून दुर्लक्षू नये. दिलेल्या कालावधीत पोहोचणाऱ्याला रांग लहान मिळते. धक्क्यावरची कामे मात्र सर्वांनाच सारखी असतात. मोठे सामान चिठ्ठी लावून हमालाच्या स्वाधीन करावयाचे, ते यंत्रातून तपासले जाते. मग ओळखपत्राची पडताळणी, सुरक्षा-तपासणी, आणि प्रवास परदेशाचा असेल तर पारपत्र व जकातीची चौकशी. दिलेले सामान खोलीत पोहोचायला पुष्कळदा संध्याकाळ होते. म्हणून औषधे, कागदपत्रे, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीतच असावेत. मूळ ओळखपत्र मोठ्या पेटीत ठेवून ती पेटी हमालाला देऊन मोकळा झालेला प्रवासी वेळेवर येऊनही अडून बसतो.

आता दरवाजा इतक्या आधी का बंद होतो, याकडे वळावे. बहुतेक कंपन्या सुटण्याच्या वेळेपूर्वी एक ते दोन तासांच्या दरम्यान कोठेतरी ही सीमा घालतात. नेमकी वेळ तिकिटावर पाहावी. प्रवाशाला हा कंपनीचा ताठा वाटतो. वस्तुतः त्यामागे समुद्राने शिकविलेले कडू धडे आहेत. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जीलियो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्दिया ही प्रचंड आगबोट खडकावर आदळून कलंडली आणि ३२ माणसे दगावली. त्याच संध्याकाळी चिविताव्हेक्या बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांना संकटकाळी कोठे जमावे, जीवरक्षक जाकीट कसे घालावे, हे अद्याप दाखविण्यातच आले नव्हते. कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ही कवाईत चढल्यापासून चोवीस तासांत केव्हाही घेतली तरी चालत असे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून, नव्याने चढलेल्या प्रवाशांची ही कवाईत आगबोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच झाली पाहिजे, असे बंधन आले.

दुसरे बंधन शिरगणतीचे. प्रवासी आगबोटीवर असलेल्या प्रत्येक माणसाची मोजदाद सुटण्यापूर्वी झालीच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या घरांत ती आठवण आजही जागी आहे. अशा प्रसंगी कोणाचा शोध घ्यावयाचा, हे यादीवरूनच ठरते. यादी पुरी करायची तर चढणे कोठेतरी थांबविले पाहिजे. अखेरच्या घटकेला धावत येणारा एक प्रवासी म्हणजे मोजून झालेल्या हिशेबात पुन्हा एक फेरफार.

तिसरे कारण बंदराचे. आगबोट आपल्या मर्जीने धक्का सोडू शकत नाही. तिला बंदराचा पायलट लागतो, टग नावाच्या ओढबोटी लागतात. यांची वेळ आधी ठरलेली असते, पाठोपाठ दुसरे जहाज वाट पाहत असते आणि पुढच्या बंदरातली जागाही घड्याळ लावून राखलेली असते. एका कुटुंबासाठी हे सारे चक्र थांबविणे कप्तानाच्या हाती नसते.

उशीर झालेल्या प्रवाशाची भरपाई बहुधा होत नाही. तो आलाच नाही अशी नोंद होते. पुढच्या बंदरात बोट गाठू, असे कोणी मनात आणील. मुंबईहून गोव्याला आगगाडीने जाता येते हे खरे, पण मध्येच चढण्यास कंपनीची परवानगी लागते आणि ती मिळेलच असे नाही. बोट लक्षद्वीपला जाणार असेल तर तेवढीही आशा नको, कारण त्या बेटांवर प्रवेशपत्राशिवाय पाऊल ठेवता येत नाही.

तेव्हा हिशेब उलट्या बाजूने करावा, हा यातला मुख्य उपाय. घरून निघण्याच्या वेळेपासून पुढे मोजू नये. बोट सुटण्याच्या वेळेपासून मागे यावे. समजा, बोट सायंकाळी पाचला सुटणार आणि दरवाजा साडेतीनला बंद होणार. प्रवाशाला दुपारी बारा ते एक हा कालावधी मिळाला आहे. मग साडेअकराला त्याने मुक्कामाच्या जागेहून निघावे. म्हणजेच आदल्या रात्री तो त्याच शहरात झोपलेला असावा. त्याच दिवशी सकाळी गाडीने उतरून दुपारी बोटीत बसण्याचा बेत कागदावर जमतो, पण गाडी चार तास उशिरा आली की मोडतो. एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च म्हणजे साऱ्या सहलीवर उतरविलेला स्वस्त विमाच होय.

हा हिशेब रायपूरला दोन दिशांनी मांडता येतो. रायपूर दोन समुद्रांच्या मधोमध नाही. पूर्वेचा समुद्र त्याला पुष्कळ जवळ आहे. मुंबई लोहमार्गाने अकराशे किलोमीटरांहून दूर, तर विशाखापट्टण पाचशेच्या थोडे पुढे. हा पूर्वेचा मार्ग मुळात बंदरासाठीच बांधला गेला. बंगाल-नागपूर रेल्वेने १९३१ मध्ये रायपूर-विजयनगरम जोडमार्ग पुरा केला आणि १९३३ मध्ये विशाखापट्टणचे बंदर खुले झाले. मध्य प्रांतातील मँगनीज समुद्रापर्यंत नेणे हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. तेथे २०२३ मध्ये प्रवासी आगबोटींसाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दुर्ग-विशाखापट्टण वंदे भारत गाडी सुरू झाली. मात्र या बंदरातून निघणाऱ्या फेऱ्या थोड्या आणि हंगामी असतात. शिवाय मार्ग पूर्व घाटातून जातो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद वादळाने हेच शहर झोडपले होते. त्या महिन्यांत एक रात्र नव्हे, दोन रात्री हाताशी ठेवणे शहाणपणाचे.

बहुतेकांना मुंबईच गाठावी लागते. वेगवान गाडीलाही बराच वेळ लागतो. नागपूर, भुसावळ, इगतपुरी करीत आलेली गाडी कसाऱ्याचा घाट उतरून उपनगरी गाड्यांच्या गर्दीत शिरते, आणि एवढ्या प्रवासात रखडायला जागा पुष्कळ. म्हणून बोटीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुंबईत उतरेल अशी गाडी धरावी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बॅलार्ड पिअर दोन किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. विमानाने जाणाऱ्याने एक गोष्ट नीट पाहावी. डिसेंबर २०२५ पासून मुंबईच्या परिसरात दोन विमानतळ चालू आहेत, आणि नवी मुंबईला उतरणाऱ्याला खाडी ओलांडून शहरात यावे लागते. जुन्या विमानतळावरून मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या भुयारी मेट्रोने थेट टर्मिनसपर्यंत येता येते. रस्त्यावरच्या कोंडीची धास्ती त्यामुळे बरीच कमी झाली.

सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरवर नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल खुले झाले. तपासणीच्या ७२ खिडक्या आणि एका वेळी पाच आगबोटी सामावण्याची सोय, असा त्याचा पसारा आहे. पण खिडक्या वाढल्या म्हणून उशिरा जावे, असा अर्थ कोणी काढू नये. दोन बोटी एकाच दिवशी असल्या तर त्या खिडक्यांवरही रांगा लागतील. आणखी एक सावधगिरी हवी. मुंबईत टॅक्सीवाल्याला नुसते 'बोटीच्या धक्क्यावर' सांगितले, तर तो गेटवेला नेईल किंवा भाऊच्या धक्क्यावर. अलिबागकडे जाणाऱ्या बोटी तेथून सुटतात. तिकिटावरील धक्क्याचे आणि दरवाजाचे नाव मोठ्याने वाचून दाखवावे. तो दिवस अनंत चतुर्दशीचा किंवा जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारचा नाही ना, हेही आधी पाहून ठेवावे.

तात्पर्य, फार लवकर जाण्यात शहाणपण नाही आणि उशिरा जाण्याला क्षमा नाही. शहरात आदल्या दिवशी पोहोचावे आणि धक्क्यावर आपल्याला नेमून दिलेल्या कालावधीच्या आरंभी. एवढे पथ्य पाळले की पुढची चिंता आगबोटीची. दुपारी चारच्या सुमारास जाकीट कसे घालावे ते पाहून झालेले असते. पाच वाजता दोर सुटतो आणि धक्का हळूहळू मागे सरकू लागतो. कठड्याशी उभ्या असलेल्या रायपूरच्या त्या दांपत्याला तेव्हा घड्याळाकडे पाहण्याचे कारण उरत नाही.