हाताला न कळणारी झीज

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचावर आहे. तिथून सायकलने दाणोलीकडे उतरताना नुसत्या घाटातच पाचशे मीटरहून जास्त उंची सुटते. स्वार, सायकल आणि पिशवी मिळून ८५ किलो धरले, तर पाचशे मीटर उतरताना चार लाखांहून अधिक ज्यूल ऊर्जा मोकळी होते. सव्वा-दीड लिटर पाण्याला उकळी आणायला तेवढी पुरेल. काही ऊर्जा वारा घेतो, काही टायर घेतात. बाकी सगळी दोन पातळ पोलादी डिस्कमध्ये उष्णता बनून उतरते, आणि त्या दोन्ही डिस्कचे वजन मिळून जेमतेम पाव किलो. वाऱ्याने डिस्क थंड केल्याच नाहीत असे मानले, तर दर दहा मीटर उतारामागे त्यांचे तापमान ६० ते ६५ अंशांनी चढेल. सिंधुदुर्गात डिस्क ब्रेकची सायकल चालवणाऱ्याने हा हिशेब एकदा तरी करून पाहावा. आंबोली असो, करूळ असो की फोंडाघाट, पुढचे बरेचसे या आकड्यांवरच ठरते.

हायड्रॉलिक ब्रेकमागचे तत्त्व ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकात मांडले : कोंडलेल्या द्रवावर कुठेही दाब दिला तरी तो सगळीकडे सारखाच पोहोचतो. ड्यूसेनबर्ग कंपनीच्या १९२१ च्या मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. सायकलीत हेच काम अगदी लहान प्रमाणात चालते. मुठीतला पिस्टन दहा मिलिमीटर व्यासाचा आणि चाकाजवळच्या कॅलिपरमधला बावीसचा असेल, तर क्षेत्रफळ जवळजवळ पाचपट होते आणि बळही तेवढेच वाढते. लिव्हरच्या लांबीमुळे मुठीत आधीच चार-पाचपट फायदा मिळालेला असतो. म्हणून एका बोटाने घाटातली सायकल आवरते.

या ब्रेकचा मोठा गुण म्हणजे तो आपला आपण जुळत राहतो, आणि माझ्या मते त्याचा धोकाही नेमका तिथेच आहे. पिस्टनभोवती चौकोनी कडांचे रबरी सील असते. ब्रेक दाबला की ते किंचित पिळते आणि सोडला की सरळ होताना पिस्टनला मागे ओढते. पॅड झिजले की पिस्टन सीलमधून थोडा पुढे सरकतो, रिकामी झालेली जागा मुठीतल्या टाकीतले तेल भरते आणि लिव्हर पूर्वीइतकीच घट्ट लागते. तारेच्या ब्रेकमध्ये पॅड झिजले की मूठ हँडलपर्यंत यायला लागते आणि झीज हाताला कळते. इथे हाताला काहीच कळत नाही. पॅडचे अस्तर संपून मागची पोलादी पट्टी डिस्कवर घासू लागली की कर्कश आवाज येतो, तोपर्यंत डिस्कही खराब झालेली असते.

म्हणून पॅड डोळ्यांनी बघावेत. चाक काढून कॅलिपरच्या फटीत टॉर्च मारली की अस्तराची जाडी दिसते. शिमानोच्या पॅडचे अस्तर अर्ध्या मिलिमीटरवर आले की ते बदलायचे असते. डिस्क नवी असताना १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ वर आली की तिचेही काम संपते. पावसाळ्यात ही तपासणी फार लवकर लवकर करावी लागते. रस्त्यावर आलेला जांभ्या मुरमाचा लाल रेंदा पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये पॉलिश पेपरासारखा काम करतो. रेझिनचे पॅड अशा पाण्यात झपाट्याने झिजतात, धातुमिश्रित पॅड जास्त टिकतात. मात्र काही डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असते, ती वाचल्याशिवाय पॅड बदलू नयेत.

तेलाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत महागडी चूक तिथेच होते. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये मिळते ते डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल. शिमानो आणि मागुरा यांच्या सायकल-ब्रेकना मात्र मिनरल ऑइल लागते. स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट ५.१ असते, पण अलीकडच्या काही मॉडेलमध्ये मिनरल. दोन्हींसाठी सीलचे रबर वेगळे असते. मिनरलच्या ब्रेकमध्ये डॉट घातले, किंवा डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल घातले, की सील फुगतात, पिस्टन अडकतात आणि बहुधा सगळा ब्रेकच बदलावा लागतो. बाटलीवर ‘ब्रेक ऑइल’ लिहिले आहे एवढ्यावर भागत नाही. मुठीच्या टाकीच्या झाकणावर कोणते तेल ते बहुतेक वेळा छापलेले असते, तेच मेकॅनिकला दाखवावे. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावे जवळची असली तरी डॉट ५ सिलिकॉनचे असते. तेही इथे चालत नाही.

डॉट तेल हवेतला ओलावा शोषते. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पाणी शोषल्यावरच्या चाचणीत १५५ अंशही चालतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत अर्धी वापरलेली बाटली वर्षभर फळीवर ठेवून पुन्हा वापरणे म्हणूनच चुकीचे आहे. मिनरल तेल पाणी शोषत नाही, पण आत शिरलेले पाणी त्यात मिसळतही नाही. ते जड असल्यामुळे सर्वांत खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये, जाऊन बसते आणि शंभर अंशांना उकळते. तेल जिथे जिथे असते त्यांत कॅलिपर हीच सर्वांत गरम जागा. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे घाटाच्या मध्यावर लिव्हर अचानक मऊ होऊन हँडलला टेकते. ब्रेक थंड झाला की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि लिव्हर पूर्ववत लागते, म्हणून पायथ्याच्या दुकानात तपासले तर दोष सापडत नाही. असे एकदा झाले तरी ब्लीडिंग करून सगळे तेल बदलून घ्यावे.

मालवण, देवबाग, वेंगुर्ला इथल्या खाऱ्या हवेत डिस्कपेक्षा तिचे बोल्ट आधी अडकतात. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा हब यांच्यामध्ये खारट ओल साचते आणि दोन धातूंमध्ये गंज धरतो. वाळूवरून फिरून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवावी. चेनवर तेलाचा स्प्रे मारताना डिस्क झाकावी, कारण उडालेला एक थेंबही पॅडमध्ये मुरतो. खोबरेल लागलेल्या किंवा मासळी हाताळलेल्या हातांनी डिस्कला शिवूच नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसता येते. तेल प्यालेले पॅड मात्र बदललेलेच बरे.

मुंबईहून कोकण रेल्वेने किंवा बसने सायकल आणताना चाके काढलेली असतात. सामानात लिव्हर दाबली गेली की पिस्टन बाहेर येतात आणि कुडाळला उतरल्यावर चाक बसत नाही. पॅडच्या फटीत प्लास्टिकचा तुकडा अडकवून ठेवला की हा प्रश्न येत नाही. सायकल उलटी ठेवल्यास टाकीतली हवा नळीत जाऊ शकते. त्यामुळे सरळ केल्यावर थोडा वेळ तशीच ठेवावी आणि लिव्हर बऱ्याचदा दाबून पाहावी.

घाट उतरताना ब्रेक सतत हलकेच धरून ठेवणे सर्वांत वाईट, कारण डिस्कला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. वळणाआधी दोन्ही ब्रेक नेटाने लावून वेग कमी करावा आणि वळण घेताना ते सोडावेत. ब्रेक लावताना भार पुढे सरकतो म्हणून पुढचा ब्रेक जास्त काम करतो. पण शेवाळावर किंवा सैल मुरमावर तोच पाडतो, तिथे तो हलका ठेवावा. ओल्या डिस्कवर चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ब्रेक कमी लागतो, तेवढे अंतर आधीच धरावे. जळका वास आला तर थांबावे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, तिला हात तर लावूच नये. नवे पॅड घातले असतील तर आधी सड्यावरच्या सपाट रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन, चाक न अडकवता सायकल चालण्याच्या गतीवर आणावी. त्याशिवाय ते डिस्कवर नीट बसत नाहीत.

उतरायच्या आधी माथ्यावर दोन्ही लिव्हर जोरात दाबून दहा-पंधरा सेकंद तशाच धराव्यात. लिव्हर हळूहळू हँडलकडे सरकत असेल तर तेल कुठेतरी गळते आहे. त्या दिवशी सायकल टेम्पोत घालून खाली आणावी.