आरोग्य विम्याचा क्लेम का अडतो? तुमच्या आजाराची माहिती कंपनीकडं कशी पोहोचते, समजून घ्या

सिद्धेश्वर (जि. हिंगोली) : औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वरसारख्या गावातून मोठ्या आजारासाठी हिंगोली, परभणी नाहीतर नांदेड गाठावं लागतं. समजा, रुग्ण दाखल करताना नातेवाईक सांगतो, 'पाच वर्षांपासून शुगर आहे.' डॉक्टर ते केस पेपरवर लिहितात. पुढं विम्याचा क्लेम याच एका ओळीवर अडू शकतो. कसा, ते पाहूया.

माहिती जाते कुठून?

पहिली नोंद प्रपोजल फॉर्मची. अनेकदा हा फॉर्म एजंटच मोबाइलवर भरतो आणि ग्राहक फक्त ओटीपी सांगतो. आजाराच्या रकान्यात 'नाही' गेलं, हे त्याला कळतही नाही. दुसरी नोंद रुग्णालयाची. कॅशलेससाठी केस पेपर आणि तपासण्यांचे रिपोर्ट कंपनीकडं किंवा तिच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या टीपीएकडं जातात. दोन्ही नोंदी जुळल्या नाहीत, की 'आजार लपवला' असं कारण देऊन क्लेम नाकारला जातो.

१४ अंकी 'आभा' क्रमांकाला जोडलेले रिपोर्ट मात्र तुमच्या संमतीशिवाय कुणाला देता येत नाहीत. हा क्रमांक काढणं ऐच्छिक आहे.

माहिती फुटली तर?

सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थ कंपनीच्या ग्राहकांची माहिती टेलिग्रामवरच्या चॅटबॉटमधून मिळत असल्याचं रॉयटर्सनं उघड केलं. त्यात फोन नंबर, पत्ते, ओळखपत्रं आणि तपासण्यांचे रिपोर्टही होते. ३ कोटी १० लाख ग्राहकांची माहिती असल्याचा दावा हॅकरनं केला होता. कंपनी मद्रास उच्च न्यायालयात गेली. पासवर्ड बदलता येतो, आजाराची नोंद बदलता येत नाही.

वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे.

नियम रुग्णाच्या बाजूनं काय सांगतात?

- पॉलिसी सलग ६० महिने चालली, तर माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक याला अपवाद.
- आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिने.
- कॅशलेसवर १ तासात, डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय अपेक्षित.
- ग्राहकानं आजार सांगितला आणि तरी कंपनीनं पॉलिसी दिली, तर त्याच आजाराचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये मनमोहन नंदा प्रकरणात स्पष्ट केलं.

तुम्ही काय कराल?

- बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन सगळं सांगा. प्रीमियम वाढला तरी चालेल.
- ओटीपी देण्याआधी भरलेला फॉर्म वाचून घ्या.
- पॉलिसी मिळाल्यावर ३० दिवसांत फॉर्मची प्रत तपासा. या मुदतीत पॉलिसी परतही करता येते.
- केस पेपरवर आजाराचा कालावधी अंदाजानं सांगू नका. चुकीचा लिहिला गेला असेल, तर डिस्चार्जपूर्वी डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या.
- क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा. आधी कंपनीकडं तक्रार करा, मग 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर.
- कंपनीनं ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालांकडं जा. हिंगोली जिल्ह्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही.