कठीण पाषाणातील पाणी

बंगळूरचे लालबाग हे उद्यान फुलांच्या प्रदर्शनांसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. परंतु भूशास्त्राच्या अभ्यासकाचे पाय तेथे प्रथम वळतात ते फुलांकडे नव्हेत, तर उद्यानातील एका उघड्या, करड्या, हत्तीच्या पाठीसारख्या फुगीर खडकाकडे. खडकाच्या माथ्यावर केंपेगौडाच्या नावाने ओळखला जाणारा एक लहानसा बुरूज आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने या खडकाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला असून त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे मानले जाते. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण फार जुना अशी आपली समजूत असते. तो अवघा साडेसहा कोटी वर्षांचा आहे. लालबागेतील खडकाच्या जातीस भूशास्त्रात नीस अथवा पट्टिताश्म म्हणतात. ग्रॅनाइटाचा तो जवळचा भाऊबंद होय. जुन्या म्हैसूर संस्थानाच्या भूशास्त्र खात्याचे प्रमुख स्मीथ यांनी या खडकसमूहाला ‘पेनिन्सुलर नीस’, म्हणजे द्वीपकल्पीय नीस, हे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले.

या खडकावर पावसाची सर आली म्हणजे पाणी क्षणभर चमकते आणि ओघळून निघून जाते. घागरभर पाणी ओतले तरी खडक त्यातील थेंबही पिणार नाही. बंगळूर शहर याच खडकावर वसले आहे. एक कोटीहून अधिक लोकवस्तीच्या या शहरात जागोजागी कूपनलिका खोदल्या गेल्या आहेत आणि त्यांतून वर्षानुवर्षे पाणी काढले जात आहे. मग हे पाणी खडकात राहते कोठे, आणि ते आहे तरी किती?

प्रथम शहराची जागा पाहू. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, एका लांबट उंचवट्याच्या पाठीवर आहे. या उंचवट्याच्या पश्चिमेस पडलेले पाणी वृषभावती व अर्कावती या नद्यांवाटे कावेरीस मिळते. पूर्वेस पडलेले पाणी दक्षिण पिनाकिनीत जाते. थोडक्यात, शहर जलविभाजकावर बसले आहे. घराच्या आढ्यावर पडलेले पाणी दोन्ही पाख्यांवरून खाली जाते, आढ्यावर थांबत नाही, तशीच ही स्थिती आहे. जगातील बहुतेक मोठी शहरे नदीच्या काठी वाढली. बंगळूरच्या वाट्यास मोठी नदी आली नाही. वर्षाकाठी सरासरी ९७० ते ९८० मिलिमीटर पाऊस पडतो. तो नैर्ऋत्य मोसमी वारे आणि परतीचे वारे या दोहोंकडून मिळत असल्यामुळे वर्षातील बऱ्याच महिन्यांत विभागलेला असतो, एवढी निसर्गाची कृपा आहे.

आता खडकाच्या पोटात शिरू. अखंड नीसमध्ये स्फटिक एकमेकांत असे घट्ट बसलेले असतात की त्यांच्यामधील पोकळी एक टक्क्याहूनही कमी भरते. तथापि जमिनीलगतचा खडक अखंड राहिलेला नसतो. लक्षावधी वर्षांच्या ऊन-पावसाने त्यातील फेल्डस्पार नावाचे खनिज कुजून त्याची माती होते, क्वार्ट्झाचे कण वाळूसारखे सुटे होतात, आणि खडकाचा मुरूम बनतो. (पाठ्यपुस्तकांत या क्रियेस जड पारिभाषिक नावे आहेत, पण विहीर खणणारा माणूस ‘कुजका दगड’ म्हणतो, ते त्या सर्वांहून नेमके आहे.) मुरमाच्या थराखाली खडकास भेगा व सांधे असतात. जसजसे खोल जावे तसतशा वरच्या भाराने भेगा मिटत जातात, विरळ होतात. क्वचित एखादी भेग फार खोलवरही पाणी देते. पण तो अपवाद होय.

या भूगर्भीय भांड्याचा आकार ध्यानात घेण्यासाठी स्वयंपाकघरातील नरसाळे आठवावे. वरचा पसरट भाग म्हणजे मुरमाचा थर. खालची अरुंद नळी म्हणजे भेगाळ खडक. उदाहरणादाखल हिशेब करू. मुरमातून निथळून विहिरीस मिळू शकणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या दोन टक्के धरले, तर एक मीटर जाडीच्या मुरमात २० मिलिमीटर उंचीचे पाणी साठते. अशा प्रदेशात पडणाऱ्या पावसापैकी जेमतेम दहावा हिस्सा जमिनीत मुरून भूजलास मिळतो. तो ९० मिलिमीटर धरू. म्हणजे एका चांगल्या पावसाळ्याने मुरमातील पाण्याची पातळी साडेचार मीटर वर येईल, आणि तेवढेच पाणी उपसले तर ती साडेचार मीटर खाली जाईल. आता पातळी नरसाळ्याच्या नळीत उतरली असे समजा. भेगाळ खडकात साठा दोन टक्क्यांऐवजी दोन दशांश टक्के धरला, तर तेच ९० मिलिमीटर पाणी काढल्याने पातळी ४५ मीटर खाली जाईल! उपसा तितकाच, घसरण मात्र दसपट.

‘शंभर फुटांवर पाणी नाही तर पाचशेवर लागेल, पाचशेवर नाही तर हजारावर’ या समजुतीतील दोष येथे आहे. आपल्याकडे, विशेषतः ज्यांनी गंगेच्या खोऱ्यातील गाळाचे प्रदेश पाहिले आहेत त्यांच्या मनात, जमिनीखाली पाण्याचे वाहते झरे किंवा समुद्र असल्याची कल्पना असते. कठीण पाषाणाच्या प्रदेशात खोल जाणे म्हणजे नवा साठा शोधणे नव्हे, तर नळीतील उरलेल्या थेंबांचा पाठलाग करणे होय. शिवाय खोलवरचे पाणी खडकाच्या सहवासात दीर्घकाळ राहिल्यामुळे त्यात खनिजे अधिक विरघळतात. बंगळूरच्या पूर्वेस कोलार भागातील पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण त्रासदायक आहे, त्याचे मूळ खडकातील खनिजांतच आहे.

हाच हिशेब आणखी एक पायरी पुढे नेऊ. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर ९० मिलिमीटर पाणी मुरले म्हणजे वर्षाला ९ कोटी लिटर, अर्थात दिवसाला सुमारे अडीच लाख लिटर झाले. दरमाणशी १०० लिटर धरल्यास हे पाणी सुमारे अडीच हजार माणसांना पुरेल. २०११ च्या जनगणनेनुसार बंगळूर महानगरपालिकेच्या क्षेत्रात एका चौरस किलोमीटरवर अकरा हजारांहून अधिक माणसे राहत होती. आणि हा हिशेब उघड्या जमिनीचा आहे. डांबर आणि सिमेंट यांखाली गेलेल्या जमिनीचा नव्हे.

जुन्या लोकांजवळ ही आकडेमोड नव्हती. परंतु तिचा इत्यर्थ त्यांना उमगला असावा असे त्यांच्या तळ्यांवरून दिसते. १५३७ मध्ये केंपेगौडाने शहर वसविले. त्याच्या काळी व पुढेही या उंचवट्याच्या उतारांवरील लहान लहान ओढ्यांना बांध घालून तळी तयार करण्यात आली. कन्नड भाषेत तळ्यास ‘केरे’ म्हणतात. एका केरेचा सांडवा खालच्या केरेत, तिचा त्याहून खालच्या, अशी माळ ओवलेली असे. १६३८ मध्ये विजापूरकरांनी शहर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हाही या तळ्यांच्याच पाण्यावर येथील वस्ती, बागा व शेते पोसली जात होती. तळ्याचे काम दुहेरी असते: उघड्यावर पाणी दिसते ते एक, आणि तळाशी सावकाश मुरून आसपासच्या विहिरींना मिळते ते दुसरे. ओघळून जाणाऱ्या पाण्याला खडकात शिरण्यास सवड मिळावी, हेच त्यामागील तत्त्व होते. विहिरी खणणारे मण्णु वड्डर लोक बंगळूरच्या परिसरात आजही आहेत. आपल्याकडील माती वडारांची आठवण त्यांच्या नावातूनच होते. कन्नडमधील ‘बावी’ आणि मराठीतील ‘बाव’ यांचेही नाते सांगावयास नकोच.

नळाचे पाणी आले आणि तळ्यांची किंमत उतरली. १८९६ मध्ये अर्कावतीवरील हेसरघट्टा तलावातून शहरास पाणी मिळू लागले. १९३३ मध्ये अर्कावती व कुमुद्वती यांच्या संगमावरील तिप्पगोंडनहळ्ळी येथील जलाशय तयार झाला. आणि १९७४ पासून कावेरीचे पाणी येऊ लागले. कावेरी शहरापासून सुमारे १०० किलोमीटर दूर आणि सुमारे ५०० मीटर खाली आहे. तोरेकाडनहळ्ळीहून निघालेले पाणी तीन टप्प्यांत वर चढवावे लागते. हजार लिटर पाणी ५०० मीटर उचलण्यास, पंपांतील घट शून्य धरली तरी, सुमारे १.४ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक. ऑक्टोबर २०२४ मध्ये योजनेचा पाचवा टप्पा सुरू होऊन दिवसाला ७७.५ कोटी लिटर पाण्याची भर पडली.

इकडे धर्मांबुधी तळ्याच्या जागी मध्यवर्ती बसस्थानक उभे राहिले, संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण झाले. येथील भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी उपग्रहांवरून घेतलेल्या चित्रांच्या साह्याने काढलेल्या निष्कर्षानुसार १९७३ नंतरच्या चार दशकांत शहरातील जलपृष्ठ ७९ टक्क्यांनी घटले. जी तळी उरली त्यांतील काहींत सांडपाणी शिरले. बेळ्ळंदूरच्या तळ्यावर फेसाचे डोंगर आले आणि त्याच्या पृष्ठभागास आगही लागली, हे वृत्त सर्वांनी वाचलेच आहे. नव्या वस्त्या मात्र कावेरीच्या नळाची वाट न पाहता वाढत गेल्या. त्यांची भिस्त कूपनलिकांवर आणि टँकरवर होती. टँकरचे पाणीही कूपनलिकेचेच. २०२३ चा पावसाळा अपुरा गेला आणि मार्च २०२४ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितले की शहरातील सुमारे १४,००० कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्या आहेत. एका अपुऱ्या पावसाळ्याने इतका गहजब व्हावा, याचे कारण नरसाळ्याच्या नळीत सापडते. रुंद भांड्यात एक वर्ष सहज निभावले असते.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. स्वाभाविकपणे शहराच्या दाट मध्यभागी भूजल सर्वांत खोल असावे आणि मोकळ्या बाहेरील भागात उथळ असावे. प्रत्यक्ष मोजणीत उलट आढळते. मध्यभागी नळाचे पाणी भरपूर आहे, त्यामुळे उपसा कमी. आणि जुन्या नळांना असंख्य गळत्या आहेत, त्यांचे पाणी मुरमात मुरते. म्हणजे शंभर किलोमीटरवरून, वीज जाळून आणलेल्या कावेरीचा काही अंश बंगळूरच्या खडकात साठविला जात आहे! पाणीपुरवठा खात्यास ही गळती तोट्याच्या रकान्यात मांडावी लागते; भूजलाच्या वहीत मात्र ती जमेस येते.

गळतीने जे अजाणता झाले ते जाणून करण्याचा प्रयोग कोलार जिल्ह्यात चालू आहे. २०१८ पासून बंगळूरचे सांडपाणी दोन पायऱ्यांनी शुद्ध करून कोलारच्या कोरड्या तळ्यांत सोडले जाते. तळी भरली, आसपासच्या विहिरींची पातळी वर आली; पण दोन पायऱ्यांचे शुद्धीकरण पुरेसे आहे काय, हा वाद शेतकरी आणि शासन यांच्यात अद्याप मिटलेला नाही. माझ्या मते शंका रास्त आहे. मुरूम पाणी गाळतो हे खरे, परंतु भेग गाळत नाही. भेगेत शिरलेला दोष दूरवर जातो.

खडकातील पाण्याचा हा प्रश्न न्यायालयातही पोहोचला. कावेरी जलविवाद न्यायाधिकरणाने २००७ च्या निवाड्यात बंगळूरचे पाणी ठरविताना दोन गोष्टी धरल्या होत्या: शहराचा एकतृतीयांश भागच कावेरीच्या खोऱ्यात येतो, आणि पिण्याच्या पाण्याची निम्मी गरज भूजलातून भागेल. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका अमान्य करून शहरासाठी ४.७५ अब्ज घनफूट पाणी वाढवून दिले. त्याच निकालात तामिळनाडूच्या वाट्याचा विचार करताना तेथील भूजलापैकी १० अब्ज घनफूट हिशेबात धरले गेले. नदी एकच, परंतु तिच्या मुखाशी, तंजावरच्या सखल प्रदेशात, तिने स्वतःच आणून टाकलेल्या वाळूचे व गाळाचे जाड थर आहेत आणि त्यांच्या कणाकणांमध्ये पाणी राहते. वर बंगळूरला मुरमाचा पातळ थर, आणि त्याखाली लालबागेतला तो खडक.