गिरणीमालक, सभासद, जमीनदार : सर दिनशा पेटिट (1823–1901)

महाराष्ट्राच्या कारखानदारीला जी औद्योगिक परंपरा लाभली, तिच्या आद्य पुरुषांत मुंबईचे पारशी गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांची गणना केली पाहिजे. युरोपीय पेढ्यांची दलाली करीत, अमेरिकेतील यादवीच्या तेजीत विपुल द्रव्य संपादून, ज्यांनी सूतगिरण्यांचा विस्तार केला, तेच 1886 साली गव्हर्नर-जनरलच्या कायदेमंडळाचे सभासद झाले आणि 1890 मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब पावले. मलबार हिलवरील ‘पेटिट हॉल’ ही मिळकत किताबाच्या वारसांकडेच राहावी, अशी तजवीज 1893 च्या खास कायद्याने झाली. मुक्या जनावरांसाठी परळ येथे उभे राहिलेले, पत्नी साकरबाईंच्या नावाचे रुग्णालय मात्र मला त्या साऱ्या इस्टेटीहून मोलाचे वाटते. ते आजही चालू आहे.